जप्तीचे पुस्तक आणि यंदाचे वाचन

शाळेच्या सामानाची वार्षिक मोजदाद हे मुख्याध्यापकाच्या नशिबी आलेले एक रुक्ष काम आहे. बाके किती, खुर्च्या किती, नकाशे शाबूत किती आणि फाटके किती, हे नोंदवहीशी ताडून पाहावयाचे आणि खाली सही करावयाची, असा हा सरकारी शिरस्ता. यंदा जानेवारीत त्या निमित्ताने आम्ही कार्यालयाच्या कोपऱ्यातील एक जुने लोखंडी कपाट उघडविले. वर्षानुवर्षे मुलांकडून काढून घेतलेल्या वस्तू त्यात पडून होत्या. दोन भोवरे, एक बेचकी, एक रबरी चेंडू, पत्त्यांचा अर्धामुर्धा डाव, तडा गेलेला एक हातआरसा आणि वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले एक पुस्तक.

पुस्तक उघडले. पहिल्या पानावर एका मुलीचे नाव, त्याखाली ‘इयत्ता नववी’, आणि सर्वांत वर थरथरत्या, वळणदार अक्षरांत ‘वाढदिवसानिमित्त, आजोबांकडून’ अशी ओळ. पुस्तक होते श्री. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी.

सारा प्रसंग आम्हांस लख्ख आठवला. साल २०१२. त्या वर्षाच्या आरंभी या कादंबरीवरचा चित्रपट पडद्यावर आला होता आणि ‘नववीतल्या मुलामुलींच्या प्रेमाचे काहीतरी आहे’ एवढे आमच्या कानांवर होते. आम्ही तेव्हा साधे सहशिक्षक होतो. भूगोलाच्या तासाला एक मुलगी पाठ्यपुस्तकाच्या आड दुसरेच काही वाचते आहे असे दिसले. आम्ही पुस्तक काढून घेतले, चारचौघांत दोन शब्द सुनावले आणि परीक्षा झाल्यावर घेऊन जा म्हणून सांगितले. ती न्यावयास आली नाही, आणि आम्हीही विसरलो. या सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही, की मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या या शिक्षकाने जप्त केलेल्या त्या पुस्तकाचे एक पानही वाचलेले नव्हते.

त्या रात्री आम्ही ते वाचावयास घेतले आणि पहाटे संपविले. यंदाच्या आमच्या वाचनाचा आरंभ हा असा झाला. त्यानंतर आषाढ सरेपर्यंत कुमारवयाची म्हणून जी जी पुस्तके हाती आली, त्यांतील मनात राहिलेली काही वाचकांपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वाट कोठे तुटते?

आमचे गाव बेळगावपासून फार दूर नाही. आमच्याकडील मराठी घरांत मूल जन्मते तेव्हा पाळण्यापाशी मराठीच असते. पुढे गल्लीत कन्नड येते, शाळेत इंग्रजी येते, आणि दूरचित्रवाणीवरून हिंदी न बोलाविता येते. त्यात वाईट काही नाही; चार भाषा कानांवर पडलेले मूल शहाणेच होते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या वाचकांच्या घरीही, एखादी भाषा इकडची तिकडे झाली, तरी चित्र बहुधा हेच असेल.

अडचण पुढे येते. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुले मराठी पुस्तके आवडीने वाचतात. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घरात असतेच. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकावर किती पिढ्या वाढल्या, याची गणती नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असतो. भागवतांचा जन्म इंदूरचा, हे बृहन्महाराष्ट्रातील वाचकांनी अभिमानाने सांगण्यासारखे आहे. फुरसुंगीच्या त्या काटकुळ्या, सायकलवेड्या पोराच्या मागे धावताना मुले जोडाक्षरेसुद्धा विसरतात.

आणि मग तेरावे-चौदावे वर्ष लागते. फास्टर फेणे लहान वाटू लागतो. मोठ्यांच्या कादंबऱ्या जड वाटतात किंवा हाती दिल्या जात नाहीत. नेमक्या याच वयात आवाज फुटतो, मैत्री जिवापाड होते, आईबापांच्या चुका प्रथमच दिसू लागतात. या सगळ्याबद्दल मुलाला ज्या भाषेत वाचावयास मिळते, ती भाषा त्याच्या अंतरंगात घर करते. ती जर मराठी नसेल, तर मराठी ही पुढे आजीशी बोलण्याची आणि लग्नपत्रिका छापण्याची भाषा होऊन राहते. भाषेची वाट घराघरांत कोठे तुटते हे शोधू गेल्यास ती येथे, आठवी-नववीच्या वळणावर, तुटताना दिसेल. आणि त्या वळणावर उभे राहून आम्ही एका मुलीच्या हातातील मराठी पुस्तक काढून घेतले होते.

म्हणून आम्ही एक नेम केला. पंधरा दिवसांस एक पुस्तक वाचावयाचे, आणि शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर जी मुले थांबतील त्यांना त्यातील थोडा भाग व्हरांड्यात बसून वाचून दाखवावयाचा. पहिल्या शनिवारी चार मुले थांबली. त्यांतील दोघे पावभाजीच्या आशेने थांबले होते असे मागाहून कळले. पुढे संख्या चौदापर्यंत गेली.

‘शाळा’

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत नववीतील मुकुंद जोशी आपल्या एका वर्षाची हकीगत सांगतो. काळ आणीबाणीचा आहे. चार मित्र आहेत, अर्धवट बांधलेल्या एका इमारतीत बसून मारलेल्या गप्पा आहेत, आणि वर्गातील शिरोडकर नावाच्या मुलीची त्याला वाटणारी ओढ आहे. ही ओढ म्हणजे काय, तर ती दिसावी, तिच्या मागून चालावे, दोन शब्द बोलता यावेत. आम्ही ज्याची धास्ती घेतली होती ते पुस्तकात कोठेच सापडले नाही. सापडले ते एका मुलाचे अत्यंत प्रामाणिक मन, आणि बाहेरचा मोठा धाक व शाळेतील लहान धाक यांचे एकमेकांत मिसळलेले रंग.

शिक्षकाने हे पुस्तक आवर्जून वाचावे, कारण त्यात आपण मुलांना कसे दिसतो ते कळते. आपण समजतो तेवढे थोर दिसत नाही, आणि भितो तेवढे वाईटही दिसत नाही. शेवटी ती मुलगी गाव सोडून जाते आणि मुकुंदपुढे दहावीचे वर्ष उभे राहते. लेखक त्याचे सांत्वन करीत बसत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला हेच पटते, कारण त्याच्या दुःखात ‘अरे, हे वय असेच असते’ म्हणणाऱ्यांचा त्याला मनस्वी कंटाळा आलेला असतो.

‘पाडस’

दुसरे पुस्तक अमेरिकेतील, पण मराठीत इतके रुजलेले की परके वाटू नये. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या लेखिकेची ही कादंबरी १९३८ साली निघाली आणि पुढील वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ‘सत्यकथा’चे संपादक राम पटवर्धन यांनी ती ‘पाडस’ या नावाने मराठीत आणली. अनुवाद कसा असावा हे शिकविण्यासाठी आम्ही दुसरे पुस्तक शोधणार नाही.

फ्लोरिडाच्या रानात एका गरीब शेतकऱ्याचे तिघांचे कुटुंब राहते. बापाला विषारी साप चावतो. विष ओढून घेण्यासाठी तो एक हरिणी मारतो आणि तिच्या काळजाचा तुकडा जखमेवर लावतो. त्या हरिणीचे पोरके पाडस मुलगा ज्योडी घरी आणतो. पाडस वाढते, आणि घराचे वर्षभराचे अन्न असलेला मका खाऊ लागते. ज्योडी पुन्हा पेरतो, रक्त आटवून कुंपण उंच करतो. पाडस तेही ओलांडते. एक तर पाडस जगेल, नाही तर घर. अखेर ज्योडीलाच बंदूक उचलावी लागते.

या पुस्तकात कोणीही दुष्ट नाही. बाप मायाळू आहे, आई कठोर आहे पण तिने मुले गमावलेली आहेत, आणि पाडस तर निव्वळ पाडस आहे. तरीही जे घडू नये ते घडते. शेवटचा भाग वाचून दाखविला तेव्हा व्हरांड्यात कोणी हलले नाही. मग एक मुलगा म्हणाला, “आमचं वासरू आठवड्याच्या बाजारात विकलं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. बाबा पण जेवले नव्हते, ते मला आज कळलं.” दुसऱ्याचे दुःख आपल्याहून मोठे असू शकते, हे सांगण्यास आम्ही मूल्यशिक्षणाचे किती तास खर्ची घातले असतील. ते काम पाडसाने एका शनिवारी केले.

‘झोंबी’

निपाणीहून कोल्हापूरकडे निघाले की वाटेत कागल लागते. आनंद यादव यांची ‘झोंबी’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी त्या गावची. १९८७ साली ती प्रसिद्ध झाली, तिला पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना लाभली आणि १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या हिंदी पूरक पुस्तकात तिचा काही भाग ‘जूझ’ या नावाने अनेक वर्षे अभ्यासला गेला. तेव्हा ग्वाल्हेर-इंदूरच्या काही घरांतील मुलांनी ती हिंदीतून वाचलेली असेल आणि मूळ मराठी घरच्या कपाटात नसेल, असेही संभवते.

शाळेत जाऊ द्या, एवढेच या मुलाचे मागणे आहे. बाप त्याला शेतात जुंपतो. आईला मध्ये घालून, गावच्या प्रतिष्ठित गृहस्थांकडून बापाची समजूत काढून, पहाटेपासून शेतात राबण्याच्या अटीवर तो शाळा मिळवितो. सौंदलगेकर मास्तर कविता शिकवितात, आणि हा मुलगा पिकाला पाणी पाजताना एकटाच मोठ्याने कविता म्हणतो. शाळा म्हणजे कंटाळा असे मानणाऱ्या मुलांनी हे वाचले की ती प्रथम हसतात, मग गप्प होतात.

या पुस्तकाविषयी एक सूचना करावीशी वाटते. ‘बघ, त्याने किती कष्ट केले, आणि तुला सगळे आयते मिळूनही…’ असे म्हणून हे पुस्तक मुलाच्या हाती देऊ नये. आम्ही नेमकी ही चूक केली. परिणाम असा झाला, की दोघांनी पुस्तक चाळीसाव्या पानावर सोडले. जे पुस्तक टोमण्यासारखे हाती येते ते कोण वाचणार? पुढे त्यातील बाप-लेकाच्या संघर्षाचा भाग काही न बोलता वाचून दाखविला, तेव्हा तेच दोघे पुस्तक मागावयास आले. जेथे वडिलांपुढे तोंड उघडता येत नाही अशी घरे कागलला होती तशी आमच्याकडेही आहेत.

लंपनची चार पुस्तके

प्रकाश नारायण संत यांची ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ ही पुस्तके खरे म्हणजे कथासंग्रह आहेत. पण सर्व कथांचा नायक एकच, लंपन. आणि ओळीने वाचल्यास त्यांतून एक सलग कादंबरी उभी राहते. म्हणून त्यांना या यादीत घेण्याचे स्वातंत्र्य आम्ही घेतले आहे. संतांचे मूळ नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. कवयित्री इंदिरा संत यांचे ते चिरंजीव. कऱ्हाडच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकविणाऱ्या या लेखकाने आपल्या बेळगावकडील बालपणाची माती इतक्या वर्षांनी उकरून काढली, आणि २००३ साली अपघाती मृत्यूने तो हात थांबला.

लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांपाशी राहतो. त्याच्या जगात रेल्वे आहे, गाण्याचे मास्तर आहेत, सुमी नावाची मैत्रीण आहे, आणि कन्नड शब्द घरच्याच पाहुण्यांप्रमाणे मराठीत ये-जा करतात. आमच्या मुलांना याचे केवढे अप्रूप वाटले! आपण बोलतो तशी मराठी पुस्तकात छापून येते, हे त्यांना ठाऊकच नव्हते. पाठ्यपुस्तकातील मराठी पुण्याची आणि आपली ती अशुद्ध, असा समज या मुलांच्या मनात खोल रुतलेला असतो. आणि तो रुजविण्यात आम्हां शिक्षकांचा वाटा लहान नाही. एक मुलगी म्हणाली, “सर, हे तर आमच्या आजीसारखं बोलत्यात.” तिचे ते वाक्य दुरुस्त करण्याचा मोह आम्ही आवरला. २०२४ साली या पुस्तकांवर ‘लंपन’ नावाची दूरदर्शनी मालिकेसारखी चित्रमालाही आली. ती पाहून काही मुले पुस्तकाकडे वळली, हेही नोंदविले पाहिजे.

‘रानातील प्रकाश’

जी. ए. कुलकर्णी हे याच भागातील, बेळगावात शिकलेले आणि धारवाडला वर्षानुवर्षे इंग्रजी शिकविलेले. त्यांच्या गूढ कथा मोठ्यांनाही चकवितात. पण त्यांनी कॉनराड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, त्यांतील ‘रानातील प्रकाश’ चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने अवश्य वाचावी.

गोष्ट १७६४ सालाच्या सुमाराची. एका गोऱ्या मुलाला चार वर्षांचा असताना रेड इंडियन लोकांनी पळवून नेलेले असते. टोळीतील एक पुरुष त्याला पोटच्या पोराप्रमाणे वाढवितो. अकरा वर्षांनी तह होतो, आणि सर्व गोऱ्या बंदिवानांना परत करण्याची अट पडते. मुलाला ‘सोडवून’ त्याच्या जन्मदात्यांकडे पाठविले जाते. त्याच्या दृष्टीने मात्र ही सुटका नसून कैद असते. भाषा परकी, कपडे परके, आई परकी. तो पळून रानात परततो. तेथे गोऱ्यांच्या नावेला फसवून किनाऱ्याशी आणण्याचे काम त्याच्यावर सोपविले जाते. नावेत एक लहान मूल दिसते आणि ऐन वेळी तो ओरडून त्यांना सावध करतो. टोळी त्याला दूर लोटते. ज्याने वाढविले तोच पिता त्याला गोऱ्यांच्या वाटेवर आणून सोडतो आणि नाते तोडून माघारी वळतो. दोन्ही घरे असलेला मुलगा दोन्ही घरांना मुकतो.

हे वाचून संपले तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, त्यानं कुणीकडं जायला पाहिजे होतं?” या मुलाचे वडील मराठी आहेत आणि आई कन्नड. घरात तो दोन्ही भाषा बोलतो. आम्ही उत्तर दिले नाही, वर्गाला विचारले. एक म्हणाला, जन्म दिला तिकडे. दुसरा म्हणाला, वाढवले तिकडे. मग तोच मुलगा म्हणाला, “त्यानं त्या लहान पोराला वाचवलं. चूक त्याची नव्हतीच. ‘आमचा की त्यांचा’ असं विचारणाऱ्यांची होती.” तीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या पुस्तकाचे इतके नेमके रसग्रहण आमच्या हातून झालेले नाही.

एक तक्रार, आणि ‘तोत्तोचान’

जून महिन्यात शाळा पुन्हा भरली तेव्हा एका मुलीने आमच्यापुढे तक्रार मांडली. मुकुंद मुलगा, ज्योडी मुलगा, झोंबीतला मुलगा, लंपन मुलगा, रानातला तोही मुलगा. “सर, मुलींच्या गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत का?”

तक्रार खरी होती. आमच्या निवडीचा दोष त्यात होताच, पण केवळ आमचाच नव्हे. मराठीत स्त्रियांनी मोठ्यांसाठी समर्थ लेखन केले. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे मन तिच्याच बाजूने सांगणारी कादंबरी आमच्या कपाटांतून चटकन हाती लागत नाही. ही उणीव आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

त्या मुलीच्या हाती आम्ही ‘तोत्तोचान’ दिले. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेने आपल्या शाळेविषयी १९८१ साली लिहिलेले हे पुस्तक मराठीत उपलब्ध आहे. कादंबरी असे त्याला काटेकोरपणे म्हणता येणार नाही, आणि त्यातील मुलगी पहिलीतील आहे. पण ते कुमारवयातच खरे कळते. एका शाळेने घालवून दिलेली ही मुलगी, जुन्या आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या दुसऱ्या शाळेत येते. तेथील मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि तिला जे सांगावयाचे ते सांगू देतात. ती चार तास बोलते, आणि ते चार तास ऐकतात. १९४५ सालच्या बाँबहल्ल्यात ती शाळा जळाली, पुस्तकातून उरली.

हे पुस्तक आम्ही पूर्वीही वाचले होते. यंदा वाचताना त्या चार तासांपाशी थांबलो. भूगोलाच्या तासाला एका मुलीला ‘काय वाचते आहेस, सांग पाहू’ एवढे विचारावयास चार मिनिटेही लागली नसती.

पालकांसाठी दोन शब्द

सहा महिन्यांच्या या उद्योगातून जे कळले ते थोडक्यात सांगतो. मुलांना आवडलेल्या या सर्व पुस्तकांत एक गोष्ट समान आहे. त्यांत मूल काहीतरी गमावते, आणि गमावल्यावरही उभे राहते. त्यांतील मोठी माणसे देव नाहीत, चुकतात. आणि शेवटी उपदेशाची पुडी सोडलेली नाही. तेव्हा पालकांनीही ती सोडू नये. पुस्तक वाचून झाल्यावर ‘यातून काय बोध घेतलास?’ हा प्रश्न विचारण्याचे कटाक्षाने टाळावे. मुलाला सांगावेसे वाटले तर ते जेवताना आपण होऊन सांगते.

दुसरे असे, की पुस्तक आधी स्वतः वाचावे. वाचल्यावर ते मुलाला द्यावेसे वाटले नाही तर तसे म्हणण्याचा अधिकार आपल्याला येतो. न वाचता येत नाही. मराठी वाचनाचा वेग मंद असलेल्या मुलांना पहिली वीस-पंचवीस पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. बैल एकदा वाटेला लागला की चाबूक लागत नाही. आणि गावातील वाचनालयाची वर्गणी मुलाच्या नावाने भरावी. आपल्या नावाचे कार्ड हाती असलेले मूल वेगळ्या तोऱ्याने पुस्तक मागते.

परतफेड

आता त्या जप्तीच्या पुस्तकाविषयी. ती मुलगी आता संसारी आहे. तिचे माहेर शाळेमागच्या गल्लीतच. जुलैमध्ये ती माहेरी आल्याचे कळले, तेव्हा आम्ही निरोप धाडला. भर पावसात, छत्री सावरीत ती कार्यालयात आली. आम्ही पुस्तक तिच्यापुढे ठेवले आणि झाल्या गोष्टीबद्दल मनापासून खेद व्यक्त केला.

ती हसली. म्हणाली, “सर, ते तर मी त्याच आठवड्यात वाचनालयातून आणून वाचून काढलं होतं.”

आमच्या मनावरचा भार हलका होतो न होतो तोच तिने पहिले पान उलटले आणि त्या वरच्या ओळीवर बोट ठेवले. हसणे थांबले. “आजोबा रोज विचारायचे, कुठवर आलीस म्हणून. त्यांना पुस्तक हातात घेऊन माझ्याशी बोलायचं असायचं. सरांनी काढून घेतलं म्हणायची भीती वाटली. मैत्रिणीला दिलंय म्हणून सांगितलं. पुढच्या दिवाळीत ते गेले.”

यावर आमच्यापाशी बोलण्यासारखे काही नव्हते. खिडकीबाहेर पाऊस पडत होता. तिने पुस्तक पदराने पुसले, पिशवीत ठेवले, आणि जाताना वाकून नमस्कार केला. तो नमस्कार घेताना आम्हांस जितके अवघडल्यासारखे झाले, तितके आजवर झाले नव्हते.

ते लोखंडी कपाट आता व्हरांड्यात आणून ठेवले आहे. कुलूप काढून टाकले आहे. वर उल्लेखिलेली सर्व पुस्तके, प्रत्येकी दोन प्रती, त्यात आहेत. भोवरे आणि चेंडूही तेथेच ठेवले आहेत. ‘पाडस’ची एक प्रत गेले तीन आठवडे जागेवर नाही. आम्ही चौकशी केलेली नाही.